उजव्या टोकाचा माणूस

१२ मे १९५८, सोमवार. शाळेला सुट्टी लागली आहे. सकाळी कल्हईवाला आला म्हणून घरातली सगळी पितळी भांडी अंगणात काढली.

त्याने कडुलिंबाखाली खड्डा खणून भाता बसवला, भांडी एकदा डोळ्यांखालून घातली आणि त्यातली मोठी परात उचलून बाजूला ठेवली.

"बाई, ही मोडीत घाला. मध्ये एवढा पोचा, त्यात चार रिव्हेट. पीठ मळताना हाताला लागत नाहीत?"

"लागतात. कल्हई कर."

"मग पोचा तरी ठोकून सरळ करतो."

"पोच्याला हात लावायचा नाही."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला नवी नाही. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. भांडी व्हायला दुपार होईल, तोवर त्या पोच्याची हकिगत लिहून काढते. काल चावडीवर जे झालं त्यामुळे ती लिहायला हवी असं वाटलं.

काल बैठक झाली. शाळा नदीच्या काठावर आहे आणि काठ सावरून धरणाऱ्या दगडी भिंतीचा खालचा थर गेल्या पुरात निघाला. या पावसापूर्वी तो बसवला नाही तर भिंत जाईल आणि भिंतीमागून शाळा जाईल, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. दगड आणून टाकलेले आहेत. मंगळवारी सकाळी ते वाहायला कोण येणार, असं विचारल्यावर मात्र सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. कोणाची पिंपरीत पहिली शिफ्ट, कोणाचा ओव्हरटाइम. एकाने सुचवलं की कंत्राटदाराला द्यावं. कंत्राटदार दिवाळीनंतर मोकळा आहे. नदी दिवाळीपर्यंत थांबणार नाही.

हवालदार असते तर त्यांनी विचारलंच नसतं. उभं केलं असतं.

हवालदार म्हणजे आमचे घरमालक. गेल्या माघात वारले. मी सांगवीत बदलून आले तेव्हा त्यांच्या कौलारू घराच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. खोल्या दाखवताना घरमालक सहसा विचारतात, माणसं किती, पाहुणे फार येतात का. यांनी आमच्या यजमानांना विचारलं, "सायेब, तुमी उजव्या हाताचं का डावखुरं?"

"उजव्या."

"झाक. मंग ऱ्हावा."

मला वाटलं, लढाईवरून आलेला माणूस आहे, डोक्याला काही लागलं असेल. तसं काही नव्हतं. मिश्या पिळदार, पाठ ताठ, शेत दहा बिघे, म्हशी दोन, आणि डोकं गावातल्या बऱ्याच डोक्यांपेक्षा शाबूत. त्यात फक्त एक खोली वेगळी होती आणि त्या खोलीत ग्रीस देश होता.

कोणाहीबरोबर चालताना ते त्याच्या उजव्या हाताला चालत. पाटील असो, बायको असो, म्हैस असो. मी एकदा मुद्दाम रस्ता ओलांडून त्यांच्या उजवीकडे गेले, तर मागून वळसा घालून परत माझ्या उजवीकडे आले आणि बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू केलं. पावसात छत्री डाव्या हातात. अर्धी छत्री शेजाऱ्यावर, त्यामुळे चार महिने त्यांचा उजवा खांदा ओला असे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सदरे वाळत घालताना म्हणत, "ह्यांचा सदरा निम्मा धुवायला लागत न्हाई. देवच धुतू."

कारण विचारलं तेव्हा त्यांनी परात मागवली. तीच ही. वहिनींच्या रुखवतातली, जाड पितळेची, बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याएवढं वजन असलेली. तिच्या पाठीला चार भोकं पाडून त्यांनी चामड्याच्या दोन वाद्या ओवल्या होत्या. एका वादीत कोपर, दुसरी मुठीत.

"ही बगा ढाल. डाव्या हातात. मी हिच्यामागं उभा ऱ्हायलो. किती झाकलो?"

"अर्धे."

"व्हय. डावं अंग झाकलं. उजवं उघडं. आन् उरलेली अर्धी ढाल कुटं गेली? माज्या डावीकडं जो उभा हाय त्याच्या उजव्या अंगावर. मंजी माजी ढाल माज्यासाठी न्हाईच. त्याच्यासाठी हाय. माज्यासाठी उजवीकडच्याची. अशी फळी. खांद्याला खांदा. येक जरी हलला तर दोघं उघडं पडत्यात."

"आणि अगदी उजव्या टोकाला जो असेल त्याचं काय?"

ते खूश झाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता म्हणे.

"त्याला कुनाचीच ढाल न्हाई," ते म्हणाले. "म्हनून ती मानाची जागा."

आतून वहिनींचा आवाज आला. "मानाची जागा सांगतायत! माज्या माहेरच्या परातीला भोकं पाडली मेल्या ग्रीसवाल्यांनी!"

युद्धाच्या शेवटी त्यांची पलटण इटलीतून ग्रीसमध्ये गेली होती. तिथे सात महिने ते कुठल्याशा कोठाराच्या पहाऱ्यावर होते. कोठाराशेजारी एका म्हाताऱ्याची ऑलिव्हची बाग होती. सुरुवातीला दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. "पर शेतकरी हुता," हवालदार सांगत. "ढेकूळ उचलून हातात फोडून दाखवलं की कळतंय मानसाला, कोन काय हाय ते." त्या म्हाताऱ्याने एक दिवस त्यांना गाढवाच्या गाडीत घालून मॅरेथॉनला नेलं. समुद्राकाठचं सपाट रान आणि रानात मातीचा मोठा उंचवटा. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे पडलेले एकशे ब्याण्णव जण त्या मातीखाली आहेत, हे म्हाताऱ्याने बोटं मोजून सांगितलं आणि ऑलिव्हच्या बिया जमिनीवर मांडून सगळी लढाई समजावली. तेवढ्या सात महिन्यांवर हवालदारांनी पुढची बारा-तेरा वर्षं काढली.

आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ग्रीसचं पान होतं. ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं.

"येकच पान?"

"एकच."

"आन् ह्यात शेतकरी कुटं हाईत?"

"नाहीत. सेनापती आहे."

"सेनापती येक न्हवता, दहा हुतं. रोज येकाचा हुकूम. दहा सरपंच, बाई! आन् तरी लढाई जितली. हे लिवायला नगं?"

मग त्यांनी स्वतः सांगितलं. कितव्यांदा, ते वहिनींना माहीत.

"इरानचा बादशा मंजी केवढा? सूर्य उगवतू तिथनं मावळतीपत्तुर त्याचंच रान. जहाजं भरभरून फौज आणली. आन् ह्यांच्याकडं फौजच न्हाई! कुंभार, लव्हार, शेळीवाला, ऑलिव्हवाला. ज्याची त्याची ढाल ज्याच्या त्याच्या घरात खुंटीला. हाळी आली की घ्यायची आन् निगायचं. आपल्यात इर्जिक असती का न्हाई? येकाची पेरणी आडली की समदा गाव आपापली औतं घिऊन जातू आन् दिवसात रान उरकून देतू. तसंच. फक्त औताच्या जागी ढाल."

"इर्जिकीत सांजच्याला जेवान असतंय," वहिनी म्हणाल्या. त्या शेंगा फोडत होत्या. "त्यांना काय हुतं?"

"कांदं आन् भाकर. ज्याची त्यानं बांधून आणायची."

"मंग बरूबर हाय. आपलीच मानसं."

मॅरेथॉन म्हटलं की लोकांना तो पळत निरोप घेऊन गेलेला माणूस आठवतो. हवालदारांना त्याचा राग होता. "पळनाऱ्याचं समद्यांना ठावं. उभं ऱ्हानाऱ्याचं कुनाला?" मी म्हटलं, पुस्तकात तर लिहिलंय की ग्रीक लोक शत्रूवर धावून गेले. ते म्हणाले, "धावलं. पर म्होरं धावलं. आन् फळी न मोडता. करून बगा पिंपरीला जानाऱ्या सायकलींच्या रांगंत."

पंगतीतसुद्धा ते उजवं टोक सोडत नसत. एका लग्नात तिथे नवऱ्या मुलाचे मामा बसले होते. हवालदार म्हणाले, "पाव्हनं, आत सरका. टोकाचा मानूस उगडा असतू." मामा बिचारे घाबरून सरकले. बायकांच्या पंगतीतून वहिनी ओरडल्या, "आवं, आमटीची बादली चाल करून येतीया व्हय?" सगळा मांडव हसला. हवालदार हसले नाहीत. त्यांनी त्या टोकाला बसून व्यवस्थित चार जिलब्या खाल्ल्या.

आता चुलतभावाचं सांगायला हवं. घराला घर लागून, शेताला शेत लागून. मधल्या बांधावर एक कडुलिंब. तो कोणाचा यावरून दोघांनी बारा वर्षं एकमेकांशी तोंड उघडलं नव्हतं. पण शेजारी म्हटलं की निरोप द्यावेच लागतात. ते म्हशीमार्फत जात. हवालदार गोठ्यात उभे राहून मोठ्याने म्हणत, "म्हशे, सांग त्यांना, पाट सोडलाय, वाफं बगा म्हनावं." पलीकडून उत्तर येई, "म्हशे, आमाला डोळं हाईत म्हनावं." म्हैस रवंथ करत असे. मी आले तेव्हा पहिला महिना मला हे दोघे वेडे आहेत असं वाटलं. दुसऱ्या महिन्यात मीही एकदा तिच्यामार्फत निरोप दिला. पोचला.

माणसांच्या फळीवर रोज तासभर बोलणारा माणूस स्वतःच्या डाव्या हाताच्या भावाशी बोलत नाही, हे मी एकदा तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "बाई, ग्रीसमदी तरी कुटं बोलत हुते? येकमेकांच्या बांदावरनं वर्षाआड लढायचे ते. अथेन्सवाले आन् स्पार्टावाले मंजी भावबंदकीच. इरानी आला म्हनून येक झाले." असं म्हणून गोठ्यात गेले.

आमचा इराणी त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात आला. मुळा नदीने वळण बदललं आणि शाळेच्या अंगणाची कड एका रात्रीत खाल्ली. पुढच्या उन्हाळ्यात स्कूल बोर्डाचे साहेब पाहून गेले. पावसापूर्वी काठ बांधला तर शाळा राहील, नाहीतर बंद करून मुलींना नदीपलीकडे औंधला घालावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं चुकलं नव्हतं. पडक्या काठावर मुली बसवायला मीही तयार नव्हते. पण होडीत बसवून मुलीला शिकायला पाठवील असं घर गावात किती? मी पटावरची बासष्ट नावं घेऊन बसले. तीन नावांपुढे खूण झाली. बाकीच्या एकोणसाठ त्या जूनपासून शेण गोळा करणार होत्या.

श्रमदानाचे दिवस होते. मी चावडीवर गेले. हवालदार माझ्या उजव्या हाताला चालत आले. पुरुषांनी गाड्यांनी खाणीतून दगड आणून रस्त्याला ढीग घालायचा, तिथून नदीपर्यंत माणसांची रांग करून दगड हातोहात द्यायचे, गवंडी भिंत रचणार, असं ठरलं. शेजारच्या गावाने वीस गाड्या आणि चाळीस माणसं कबूल केली.

मग हवालदारांनी आमची कवायत सुरू केली. आठ दिवस, रोज दिवेलागणीच्या आधी, मारुतीच्या देवळापुढे. बायका जास्त, कारण पुरुष गाड्यांवर. दगडांऐवजी नदीतल्या वाळूतली कलिंगडं.

"उजवीकडनं घ्यायचं, डावीकडं द्यायचं. देताना डावीकडं बगायचं न्हाई!"

"आवं, न बगता दिलं आन् तिथं कुनी नसलं तर?" एकीने विचारलं.

"तिथं मानूस हाय म्हनूनच द्यायचं. बगत बसलीस तर उजवीकडचं कलिंगड तुज्या पायावं पडंल."

पहिल्या दिवशी सात कलिंगडं फुटली. ती आम्ही खाल्ली. शेवटच्या दिवशी एकही फुटलं नाही, त्यामुळे बायका नाराज झाल्या. पारावर बसलेली मंडळी तोंडसुख घेत होती. "हवालदार, बायकांची पलटण झाक हाय! इरानी कवा येनार?"

"मिरगाला," हवालदार म्हणाले.

ठरलेल्या दिवशी पहाटेच शेजारच्या गावाचा निरोप आला. त्यांच्या देवाची जत्रा आहे, ती सोडून येता येत नाही, परवा नक्की येतो. मला संताप आला. हवालदार मात्र मांडीवर थाप मारून हसले. "आले बगा स्पार्टावाले! त्यांची बी अशीच जत्रा हुती. पुनव हुईस्तवर निगता येत न्हाई म्हनाले."

"यात हसण्यासारखं काय आहे? चाळीस माणसं कमी पडली."

"तवा बी पडली हुती."

रांग उभी राहिली. आता हवालदारांची चूक सांगते, कारण ती चूक आमच्याच गावात होऊ शकते. ढिगाजवळचं उजवं टोक ही मानाची जागा, असं ते आठ दिवस सांगत होते. मानाची जागा म्हटल्यावर ती कोणाची? पाटलांची. पाटील फेटा बांधून आले आणि उभे राहिले. हवालदारांना नाही म्हणता आलं नाही.

ढिगाच्या अलीकडे ऊन होतं आणि पलीकडे वडाची सावली. अर्ध्या तासात पाटील सावलीच्या बाजूने दगड उचलू लागले. त्यांच्या शेजारचा त्यांच्यामागे सरकला, त्याच्या शेजारची त्याच्यामागे. सगळी रांग पाऊल पाऊल सावलीकडे गेली. कोणी काही वाईट केलं नव्हतं. फक्त नदीच्या तोंडाशी सहा माणसांची जागा रिकामी पडली आणि गवंडी हातावर हात ठेवून बिडी ओढत बसले.

हवालदार नदीकडून धावत वर आले. घामाने निथळत होते.

"हेच! हेच हुतंय! म्हाताऱ्यानं बिया मांडून दावलं हुतं मला. फळी कायम उजवीकडं सरकती. परत्येकाला शेजाऱ्याच्या ढालीत शिरायचं असतंय. टोकाचा न्हाई सरकला तर कुनीच सरकत न्हाई!" मग त्यांनी पाटलांकडे पाहिलं. "पाटील, जागा सोडा."

"मला म्हनतूस?"

"तुमालाच. मान तुमचा खरा. पर ही जागा तुमची न्हाई."

पाटील गेले. त्यांच्याबरोबर त्यांची सात माणसं गेली. हवालदार माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी हितं."

"मीच का?"

"खडू संपला तरी तुमी वर्गाभाईर येत न्हाई. मी बगितलंय."

डोक्यावर ओला पंचा टाकून मी उन्हाच्या बाजूला उभी राहिले. सरकले नाही. यात मोठेपणा नाही. मला सरकण्याची सवय नाही. रांग खाली उतरली, पण माणसं कमी होती. नदीच्या तोंडाशी पोचेना.

तेवढ्यात चुलतभाऊ आला. घरातली नऊच्या नऊ माणसं घेऊन. सून, लेकी, म्हातारी सासूसुद्धा. प्रत्येकाच्या हातात आपलं घमेलं किंवा पाटी. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. हवालदारांनी तर नक्कीच नाही. तो उभ्या गाडीच्या बैलाशी गेला आणि म्हणाला, "बैला, इचार त्यांना, आमी कुटं ऱ्हायाचं."

हवालदार बैलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले. मग बैलालाच म्हणाले, "सांग, नदीच्या तोंडाला. आन् त्यांनी सोता माज्या डावीकडं."

जाताजाता माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, प्लाटियावाले. मॅरेथॉनला येकच गाव न बोलावता आलं हुतं. ल्हान गाव. पर समदं आलं हुतं."

पुढचं मी पाहिलं नाही. उजव्या टोकाच्या माणसाला डाव्या टोकाचं काही दिसत नाही. त्याने फक्त दगड द्यायचे असतात. दुपारनंतर कधीतरी रांग थांबली. दगड माझ्या हातात राहिला आणि पुढे घेणारे हात आले नाहीत. खालून आरडाओरडा ऐकू आला. मी जागा सोडली नाही. वहिनी रांगेच्या मध्यावर होत्या, त्यांनी नंतर सांगितलं ते असं.

भिंत कंबरेएवढी झाली होती. चुलतभाऊ पायाच्या चरात वाकून सांधे भरत होता. हवालदार त्याच्या उजवीकडे, परातीतून मुरूम देत होते. वाद्यांमुळे परात त्यांच्या हातावर बसत असे. वरच्या थरातला एक दगड सुटला आणि चुलतभावाच्या मानेवर येऊ लागला. हवालदारांनी मुरमासकट डावा हात आडवा घातला. परात वाजली ती म्हणे मारुतीच्या घंटेसारखी. दगड बाजूला पडला. हवालदारांचं मनगट मोडलं.

चुलतभाऊ चरातून वर आला. आधी परातीकडे पाहिलं, मग हवालदारांकडे. बारा वर्षांनी त्यांच्यात जे पहिलं बोलणं झालं ते संपूर्ण इथे देते.

"फुटली का?"

"न्हाई. पोचा आला."

"वैनी वरडंल."

"वरडू दे."

मग हवालदारांनी मोडक्या हाताने खूण केली आणि रांग पुन्हा सुरू झाली. माझ्या हातातला दगड गेला.

दिवस मावळायच्या आत भिंत छातीएवढी झाली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावाच्या वीस गाड्या आल्या. मंडळी जत्रेचे नवे सदरे घालून काठाने चालली, भिंतीला हात लावून पाहिला, "येक नंबर काम क्येलं राव," म्हणाली आणि माघारी गेली. हवालदारांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. हात गळ्यात बांधलेला, आणि प्रत्येकाला चहा. "तस्संच! बाई, अगदी तस्संच! स्पार्टावाले बी लढाई झाल्यावं आले, रान फिरून बगितलं, वा वा म्हनले आन् घरी गेले!"

पावसाळ्यात पाणी भिंतीला दोनदा लागलं आणि उतरलं. शाळा राहिली. पाटलांनी वर्षभर हवालदारांना रामराम केला नाही, मग पुढच्या पोळ्याला केला.

कडुलिंबाचं भांडण मिटलं असं कोणी समजू नये. ते चालूच राहिलं. फक्त म्हशीची सुटका झाली. आता दोघे एकमेकांच्या तोंडावर भांडत. मनगट वाकडं बसलं होतं म्हणून हवालदारांना म्हशींची दावी सोडता येईनात, तेव्हा चुलतभाऊ कडुलिंबावरून शिव्या देतादेताच त्यांच्या म्हशी सोडून पाण्यावर नेई. वहिनींनी वाद्या उपटून काढल्या, परात माझ्या दारात आणून आपटली. "न्या बाई तुमच्या शाळंला. घरात ठिवली तर परत हात घालतील तिच्यात." तांबटाने भोकांत रिव्हेट ठोकले. मी चार वर्षं तिच्यात कणीक मळते आहे.

माघात हवालदारांना ताप आला, पाचव्या दिवशी गेले. उजवा पुढचा खांदा चुलतभावाने दिला. घाटापर्यंत तीनदा लोक बदलायला आले. त्याने बदलू दिला नाही.

कालच्या बैठकीत तो माझ्यासमोर बसला होता. त्यानेही जमिनीकडे पाहिलं. त्याचे दोन्ही मुलगे आता कारखान्यात आहेत, पाटलांचा मुलगाही. मी त्यांना दोष देत नाही. त्या वेळी लोक रिकामे होते असंही नाही, प्रत्येकाचं औत अडलेलं होतं. मी एवढंच म्हटलं की मंगळवारी सहा वाजता मी ढिगाशी असेन, आणि उठले. समजावून सांगणं माझ्या कामाचा भाग आहे, पण तो वर्गात. माणूस उभा असलेला दिसला की बाकीच्यांना आपली जागा कळते, असं हवालदारांचं मत होतं. ते खरं की खोटं, हे आज कोणाला माहीत नाही. पटावर या जूनला एकशे चार मुली असतील.

कल्हईवाल्याने परात शेवटी दिली. आतून चांदीसारखी झाली आहे. पोचा तसाच.

१३ मे, मंगळवार. सकाळी सहाच्या आधीच परात काखेत मारून निघाले. ढिगाशी कोणी नव्हतं. मी उन्हाच्या बाजूला उभी राहिले, परात पायाशी ठेवली, पदर खोचला. रस्त्यावर चपलांचा आवाज आला. एकाच्या की चौघांच्या, ते वळून पाहिलं नाही. पहिला दगड उचलला आणि डावीकडे धरला. चांगला जड होता. मनगटं भरून येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग तो डावीकडच्या हातांत गेला. मी दुसऱ्यासाठी वाकले.